दार डाव्या हाताला

रविवारी चार वाजता पॉवर हाऊसच्या चौकातून
अकरा पोरं घेऊन निघते मी.
अनुग्रहच्या चपलेचा अंगठा तुटलेला,
शेरॉनच्या मुठीत शेंगदाण्याची पुडी,
आणि माझ्या पिशवीत मुलांचं सचित्र शास्त्र,
ज्यात मोशेचे डोळे निळे
आणि रिबकेच्या विहिरीभोवती बर्फ.

इलोजी रोहेकर दार उघडतात.
खडकीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस,
अजून बोटं दारूगोळ्याची असल्यासारखी जपून हलवतो.
"चित्रं मिटा," म्हणतात. "खडू घ्या."

आधी रेघ.
मग तिला खालून अक्षर टांगायचं,
दोरीवर धुणं टांगतात तसं.
"म्हणजे आपल्यासारखंच की!" प्राची ओरडते.
"आपल्यासारखंच. फक्त उजवीकडून चालत ये."

पहिलं पान ज्या अक्षराने उघडतं, ते बेत.
बेत म्हणजे घर.
वर छप्पर, खाली जोतं, पाठीमागे भिंत,
दार डाव्या हाताला, पुढच्या शब्दाकडे.
"जगाच्या आधी काय होतं, वर काय, खाली काय,
तिकडे भिंत आहे, बाळांनो. पुढे चला."
शिमोन बराच वेळ फरशीकडे बघतो.
"मग खिडकी?"
इलोजीकाका खडू त्याच्याच हातात देतात.
"तू पाड."

दुसरा शब्द शमा. ऐक.
"कानाने?"
"तुझी आई म्हणते ना, पोरगं अजिबात ऐकत नाही?
मग काय कानाच्या डॉक्टरकडे नेते?"
पोरं हसून लोळतात.
मी नाही हसत.
वीस वर्षं मी फळ्यावर दोन रकाने आखले:
ऐकणे. आज्ञा पाळणे.
माझ्याच आईच्या तोंडी तो एकच शब्द होता
आणि तो मला सापडला रास्ता पेठेत,
दुसऱ्या मजल्यावर, परक्या लिपीत.

मग त्या दोन बायांची गोष्ट. एक मूल, एक तलवार.
"राजा म्हणाला, कापा. तेव्हा खऱ्या आईला काय झालं?"
"दया आली," शेरॉन म्हणते, मी शिकवलेलं.
"दया वरून येते का पावसासारखी?
हा शब्द गर्भाशयातून निघालाय, पोरी.
तिच्या पोटात तुटलं."
त्यांचा हात स्वतःच्या सदऱ्यावर, बेंबीच्या जरा वर,
तिथेच राहतो.
भिंतीवर अश्दोदच्या समुद्रापुढे उभा असलेला मुलगा.
त्याचा फोन शुक्रवारी येतो, दिवे लावायच्या आत.
ह्या शुक्रवारी आला होता का, मी विचारत नाही.

गूळ-खोबऱ्याचे पोहे वाटता वाटता ते सहज सांगतात,
काल सकाळी मशिदीत सातच जण. दहा लागतात.
"आम्ही अकरा आहोत!" अनुग्रह उभाच राहतो.
काकांच्या तोंडातला घास थांबतो.
"तुम्ही चालत नाही रे," म्हणतात,
आणि तरी बोट उचलतात.
माणसं मोजू नयेत म्हणून
त्यांचा बाप मोजायचा तसं:
एक नाही, दोन नाही, तीन नाही...
अकरा नाही-पर्यंत.
शेवटचं बोट माझ्याकडे वळतं. बारा नाही.

जिन्यात अंधार.
त्यांच्या हिशेबी दिवस संध्याकाळी उगवतो,
आधी सांज, मग सकाळ,
हे आज शेवटी शिकलो.
क्वार्टर गेटच्या सिग्नलला अनुग्रह माझा पदर ओढतो.
"बाई, म्हणजे सोमवार लागलासुद्धा?
मग गणिताचा गृहपाठ कालचा झाला. तो गेला."
"अनुग्रह, ऐक," म्हणते मी.
तो कान पुढे करतो,
खडूने पांढरा झालेला.